लॉनीची चिठ्ठी

टोलेडो हॅमर्स संघाची शंभरी भरत आली होती आणि त्याचा इतिहास लिहायचं काम पडलं होतं मृण्मयी दाबकेच्या गळ्यात. लंबगोल चेंडूचा, एकमेकांना धडकून पाडायचा हा अमेरिकी फुटबॉल तिला बापजन्मी कळला नव्हता! मदतीला होता संघाचा एकाहत्तर वर्षांचा माजी खेळाडू अर्ल डॉकरी आणि 'आघातवाचक' नावाचं नवं यंत्र. जुन्या फिल्ममध्ये डोकं किती झटक्यानं हललं ते पाहून मेंदूला बसलेला मार ते अचूक सांगे. अर्ल चेहरे ओळखायचा, यंत्र आकडे द्यायचं, झकास चाललं होतं.

"ही माझी धडक!" एका सकाळी अर्ल खुर्चीतून उठलाच. "उन्हाळी सरावात दोन तट पाडून खेळायचो, तेव्हाची. हिनं मला चांदीचा हातोडा मिळवून दिला."

सर्वांत जबर धडक कुणाची, यावर खेळाडूच चिठ्ठ्या टाकत आणि जिंकणाऱ्याच्या कपाटावर तो हातोडा टांगत. संघाला या प्रथेचा कोण अभिमान!

पडद्यावर लाल अक्षरं उमटली: मेंदूला कायमची इजा, स्मृतिभ्रंशाची सुरुवात इथून. फिल्मच्या डब्यावरच्या नोंदीप्रमाणे आडवा पडलेला खेळाडू अर्लचा धाकटा भाऊ लॉनी होता. चाळिशीतच तो घरच्यांना ओळखेनासा झाला आणि गेला. "दारूनं खाल्लं त्याला," असं अर्लनंच तिला सांगितलं होतं.

पडदा बंद करायला मृण्मयीनं हात पुढे केला.

"राहू दे. वाचलं मी."

"अर्ल, यंत्र चुकू शकतं."

"आजवर चुकलंय?"

तिला खोटं बोलवेना.

अर्ल परत खुर्चीत बसला. "दारुडा म्हणून मी त्याच्या मातीलाही गेलो नाही गं. आणि त्या दिवशी, डोक्यावर बर्फ धरून, तो धडपडत चिठ्ठी टाकायला आला होता. त्याचंही मत मलाच होतं."

मृण्मयीनं पेन खाली ठेवलं. असला इतिहास शताब्दीच्या पुस्तकात घालायचा?

"लिही," तो म्हणाला. "पहिल्याच पानावर."

"लिहिते."

मग पडद्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "हे यंत्र तेव्हा मैदानावर असतं, तरी मी थांबलो असतो का?"