तळघरातला वेढा

फळीचा शेवटचा खिळा निघाला आणि भिंतीतल्या गंजक्या पाइपानं थेट दादाच्या तोंडावर पाण्याची चूळ टाकली.

“सापडला चोर,” डोळे पुसत दादा म्हणाला.

सभागृहाच्या तळघरात, बँडची वाद्यं ठेवायच्या खोलीत तिघं उभी होती: मुंगी, तिचा दादा आणि त्यांचा मित्र भोंगा. मुंगी वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून मुंगी. भोंग्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, म्हणून तो भोंगा. सुट्टीत चालणाऱ्या मुलांच्या बँडमध्ये मुंगी कॉर्नेट हा आखूड कर्णा वाजवायची, दादा सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन, आणि भोंगा त्याला मिठीतही न मावणारा ट्युबा.

गेले काही दिवस पितळेवर हिरवे डाग पडत होते. मुलं वाद्यं ओलीच ठेवतात, असं राखणदारकाकांनी वर कळवलं होतं. मग काय, या सुट्टीनंतर मुलांचा बँड बंद, असं व्यवस्थापकांनी सांगूनच टाकलं. मुंगीला ते फार लागलं. ती तर आपलं कॉर्नेट रोज फ्रॉकनं पुसायची! कपाटामागून डोकावणारी कोरी फळी तिलाच दिसली होती. एवढ्या जुन्या भिंतीवर नवी फळी कशाला, असा प्रश्न पडला, म्हणून दुपारच्या सुट्टीत तिघं चोरपावलांनी खाली उतरली.

एक गोष्ट मात्र तिघंही विसरली. राखणदारकाका जेवायला जाताना तळघराला कुलूप लावत. आतही न डोकावता त्यांनी दार ओढलं, किल्ल्या खुळखुळल्या आणि पावलं दूर गेली. भोंगा जिवाच्या आकांतानं ओरडला. पण वाद्यांचा आवाज वर जाऊ नये म्हणून दाराला जाड गादी ठोकलेली होती.

इतक्यात पाइपाचा गंजका तुकडाच गळून पडला. पाणी धो धो येऊ लागलं. दिवा फडफडून विझला. छताजवळच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड उरला. तिघांनी आधी सगळी वाद्यं वरच्या फळ्यांवर चढवली. तोवर पाणी मुंगीच्या गुडघ्याशी आलं. झरोक्यातून रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसत होते, पण बाहेर रस्ता खोदायचं यंत्र धडधडत होतं. हाका मारून घसा बसला, तरी एकही बूट थांबला नाही. दादानं कोपऱ्यातला बाक ओढून मुंगीला त्यावर चढवलं, आणि तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

“वाजवू या,” ती म्हणाली.

बाकावर उभं राहून त्यांनी ‘वेढा’ सुरू केला. बँडमास्तरांनी एका दंतकथेवर बसवलेली ही रचना होती. शत्रूनं वेढलेल्या किल्ल्यातलं धान्य संपतं, तरी आतली माणसं तटावर चढून झोकात वाद्यं वाजवत राहतात. आत भरपूर साठा आहे असं वाटून शत्रू कंटाळतो आणि निघून जातो.

यंत्राच्या धडधडीतूनही पितळेचा आवाज बाहेर पोचला. बूट थांबले. छोट्या सँडलांनी उड्याही मारल्या. कुणीतरी वाकून टाळ्या वाजवल्या, सराव चालू ठेवा अशी हातानं खूण केली आणि चालू लागलं; भोंग्याची ‘वाचवा’ ही आरोळी यंत्राच्या धडधडीत विरली. पाणी बाकाला टेकलं.

मुंगीनं कॉर्नेट खाली घेतलं. “आपण त्या किल्ल्यातल्यांसारखंच करतोय. छान वाजवतोय, म्हणून लोक निघून जाताहेत.”

“मग काय करायचं?” दादानं विचारलं.

“वाईट वाजवायचं. मास्तर रोज या वेळी समोरच्या सलूनमध्ये दाढीला बसतात. प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर चुकवू. त्यांना सहन होणार नाही.”

ते सोपं नव्हतं. बोटं आपसूक बरोबर जागी जात. थंडीनं दादाचे ओठ थरथरत होते. पण प्रत्येक ओळ ऐटीत चढायची आणि शेवटी धपकन आपटायची. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

काळे बूट धावत आले. अर्ध्या गालावर साबणाचा फेस असलेला चेहरा झरोक्याच्या जाळीला चिकटला.

“शेवटच्या सुराचा गळा कोण घोट—” मास्तरांना खालचं पाणी दिसलं. “बाळांनो, बाकावरच थांबा. आलोच.”

रस्ता खोदणाऱ्यांची पहार घेऊन त्यांनी आणि सलूनवाल्या काकांनी कुलूप फोडलं. मास्तरांनी मुंगीला खांद्यावर घेऊन वर आणलं. पाणी बंद झालं. धावतपळत आलेल्या राखणदारकाकांनी उखडलेली फळी पाहिली आणि मान खाली घातली. पाइप केव्हाचा गळत होता; प्लंबरला बोलवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी वर फळी ठोकली होती. व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत मुलांची माफी मागितली. बँड चालूच राहील, असंही सांगितलं, आणि फळ्यांवर सुखरूप असलेली वाद्यं पाहून तिघांची पाठ थोपटली.

मास्तरांच्या गालावरचा फेस एव्हाना वाळला होता.

“माझे कान अजून दुखताहेत,” ते म्हणाले. “पण तिघांनी मिळून नेमका तोच सूर चुकवायचा, तर आधी तो पक्का यावा लागतो. माझ्या मोठ्या बँडलाही हे जमायचं नाही.”

सलूनच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली मुंगी इतकी कुडकुडत होती, की तिला धड हसताही येईना.