दिव्यानीची सवत

आलापल्लीच्या स्टँडवर अहेरीची बस लागली आणि प्रणित बोरकुटेने खिडकीतून आपली फाइल आत टाकून जागा धरली. दिव्यानी मडावी दारातून चढली आणि नेमकी त्याच फायलीवर जाऊन बसली.

"मॅडम, तुमी माह्या वकालतनाम्यावर बसल्या," तो म्हणाला.

"वकालतनाम्याचं तिकीट काढलं का?" तिने विचारलं. उठली मात्र नाही.

अहेरी येईपर्यंत तो उभा होता आणि हसत होता. दोघंही वकील, दोघंही अहेरीच्या कोर्टात नवे, हे तेवढ्या वेळात कळलं. उभं राहावं लागल्यावर हसणारा पुरुष दिव्यानीने तोवर पाहिला नव्हता. पुढे जे झालं ते तिथंच सुरू झालं, असं समजायला हरकत नाही.

कोर्टाबाहेरच्या पत्र्याखाली दोघांनी मिळून एक टेबल घेतलं. तो चंद्रपूरचा, त्याला गोंडी ओ की ठो कळत नव्हती. तिची तर ती घरचीच बोली. खेड्यावरून पक्षकार आला की ती ऐकायची, सांगायची, तो लिहायचा. "दिव्यानी, कलम कोणतं?" "दिव्यानी, हे कसं लिहू?" दिवसातून पन्नासदा. पत्रा गळायला लागला की तो कोरडी खुर्ची तिच्याकडे सरकवायचा आणि स्वतः भिजत बसायचा. ती वैतागल्यासारखं दाखवायची, पण रविवारी कोर्ट बंद असलं की तिला करमायचं नाही.

मग त्याच्या फोनमध्ये एआय आलं. दोन मिनिटांत नोटीस, पाच मिनिटांत अपील, वर गोड बायकी आवाज!

"थांब, हिले विचारतो," एक दिवस तो म्हणाला.

"हिले?"

"आवाज बाईचा हाये ना."

"मंग चहा बी तिलेच पाज," दिव्यानी म्हणाली आणि आपला कप घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

सवत असावी तर हाडामांसाची असावी. तिच्याशी भांडता येतं, तिच्या साडीला नावं ठेवता येतात. ही कधी थकत नव्हती, रुसत नव्हती, आणि कितीही विचारा, "नक्कीच!" म्हणायची. तो 'नक्कीच' ऐकला की दिव्यानीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. प्रणितच्या तोंडी आता दिव्यानीचं नाव दिवसातून पाचदासुद्धा येत नव्हतं. ती मोजत होती.

अशात बुधरीबाईंचं काम आलं. जंगलातली त्यांची धानाची जमीन. वनहक्काचा दावा 'पुरावा अपुरा' म्हणून फेटाळला गेला होता. अपिलाची सुनावणी गडचिरोलीला, जिल्हा समितीपुढे होती. तिथंही हरल्या तर जमीन हातची जाणार. दिव्यानी दोन दिवस बहिणीच्या लग्नाला गेली, तेवढ्यात प्रणितने बुधरीबाईंचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि मशीनकडून सुरेख प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी गडचिरोलीच्या बसमध्ये, आष्टीजवळ, दिव्यानीने ते उघडलं. बुधरीबाई शेजारी बसल्या होत्या, प्रणित मागे. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'सासऱ्यांचे दहन करून अस्थी नदीत विसर्जित केल्या.'

ती थबकली. त्यांच्या गोंडांत दहन कुठलं? म्हाताऱ्याला शेताच्या टोकाशी पुरलं होतं आणि वर मोठा दगड उभा केला होता, हे बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे घर तिथं चाळीस वर्षांपासून राहतं, याचा तोच तर पुरावा! बाईंची गोंडी मशीनला कळली नव्हती. न कळलेली जागा मशीनने आपल्या मनाने भरून टाकली होती.

आता मागे वळून सांगायचं... पण दिव्यानी वळली नाही. होऊ दे एकदा फजिती, तिला वाटलं. समितीच्या साहेबांपुढे तोंडावर पडू दे त्या सवतीला. आणि त्यालाही! तिने कागद मिटला आणि बाहेरचे साग बघत बसली. खूप बरं वाटलं तिला, खोटं कशाला सांगा.

चामोर्शी आली. बुधरीबाईंनी तिच्या हाताला हात लावून गोंडीत विचारलं.

"बाई, माह्या सासऱ्याचं बराबर लिवलं ना?"

दिव्यानीच्या तोंडून 'हो' निघेना. ती उठली आणि कागद प्रणितपुढे धरला. तिने चूक सांगितली तसा त्याचा चेहरा उतरला.

"हे मी नाई... मशीननं—"

"खाली सही कोनाची हाये?"

त्याने कागदाखालच्या सहीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माही."

गडचिरोलीच्या ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांनी नवं प्रतिज्ञापत्र केलं. ती गोंडीत विचारत होती, मराठीत सांगत होती. तो खाली मान घालून हाताने लिहीत होता. बुधरीबाईंनी पुन्हा अंगठा दिला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "दगड अजून आहे तिथे?"

"कुठी जाईन साहेब?" बुधरीबाई मोडक्या मराठीत म्हणाल्या. "माहा सासरा हाये तो."

आठ दिवसांत जागेवर जाऊन पाहणी करायची आणि तोवर वनखात्याने जमिनीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

बाहेर पाऊस लागला होता. बुधरीबाई चहा पीत बसल्या आणि हे दोघं वळचणीखाली उभे राहिले.

"मले आष्टीलेच समजलं होतं," दिव्यानी म्हणाली. "चामोर्शीपर्यंत मी चूप बसली."

"काऊन?"

"तिची फजिती पाहाची होती. तुही बी. जळून राह्यली होती मी." तिने ओढणीचं टोक पिळलं. "एका फोनवर जळून मी त्या बाईची जमीन घालवत होती, प्रणित..."

प्रणित पागोळीखाली हात धरून उभा होता.

"मी तुले विचारनं काऊन बंद केलं, मालूम हाये?"

"तिले सगळं येते म्हनून."

"नाई. तुले विचारलं का तू वाकून कागदात पाहे. तुहे केस माह्या हातावर येत... मंग मले कागदातलं एक अक्षर दिसे नाई. दोन तारखा चुकीच्या लिवल्या म्या तशा. म्हनून तिले विचारून राह्यलो होतो."

 तिने ओढणीने नाक पुसलं, मग डोळे पुसले.

"मले तू आवडते, दिव्यानी. हे म्या कोनाले विचारून नाई बोलून राह्यलो."

"मले बी तू आवडते," ती म्हणाली. "पन तिच्यावर मी जळनार. सांगून ठेवते."

"जळ," प्रणित म्हणाला. "पन माह्या बाजूले बसून जळ."