ट्रेव्हरचा हिरवा रंग

दिवा असू दे, पण दार तेवढं लावून घ्या. मॅल्कम त्या अंत्यविधीला का गेला नाही, असं विचारत होतात ना? मला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. खोटं बोलणारा दुसराच होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९. आपल्या याच डर्बीशायरच्या गावात. दुपारी चारच्या सुमाराला मॅल्कम मॉरीनच्या घरी एक इंजिन आणायला गेला. तिचा नवरा ट्रेव्हर आठवड्यापूर्वी वारला होता; अंत्यविधी शुक्रवारी सकाळी. आमच्या जुन्या इंजिनवाल्यांच्या क्लबात एक रीत आहे. सभासद गेला की त्याचं सगळ्यात लाडकं, खेळण्यातलं वाफेचं इंजिन पेटवायचं. बत्तीतलं स्पिरिट संपून ते आपोआप थांबेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पेटवायचा मान जवळच्या मित्राचा. मॅल्कम तर त्याचा शाळेपासूनचा मित्र.

मॉरीननं टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन पुढे केलं. "माळ्यावर होतं. तासन्‌तास घेऊन बसायचा, पण पेटवलं कधीच नाही. मलाही हात लावू द्यायचा नाही."

"आणि मला साठ वर्षांत दाखवलंसुद्धा नाही. लबाड कुठला."

"उद्या चालेल ना रे?"

"न चालून सांगतंय कुणाला? नाही चाललं तर ट्रेव्हर उठून बसेल मला शिव्या द्यायला."

दोघं हसले. मग मॉरीन रडली.

रात्री नऊला मॅल्कम परसातल्या शेडमध्ये कामाला बसला. सिलिंडर सोडवला, वाळून चिकट झालेलं तेल काढलं, बॉयलरमध्ये पाणी भरून तो गळत नाही ना ते पाहिलं. साडेअकराला चाक नुसत्या बोटानं फिरायला लागलं. एकच गोष्ट त्याला खुपत होती. इंजिनाची बैठक हिरवी होती. या जातीची इंजिनं कारखान्यातून काळ्या बैठकीची निघायची. जुन्या रंगाला हात लावाल तर खबरदार, असं आम्हा सगळ्यांना झापणारा हाच माणूस. पण हा मूळ रंगच नव्हता, कुणीतरी वरून फासला होता. मग याला कसलं राहवतंय? कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून त्यानं बैठकीची खालची बाजू पुसायला घेतली.

दोन अक्षरं वर आली. एम आणि एच, खिळ्यानं कोरलेली. एमचा एक पाय आखूड.

एम एच म्हणजे मॅल्कम हॅलम. बापानं त्याला दिलेल्या इंजिनावर ही अक्षरं कोरताना खिळा घसरला होता, तेव्हा मॅल्कम नऊ वर्षांचा होता. त्याच हिवाळ्यात खाणकामगार बाप गेला, आणि त्याला पुरून घरी आले तर इंजिन गायब. शेजारचा ट्रेव्हर तेवढा वेळ घरात थांबला होता, आणि नंतर रात्रीपर्यंत मॅल्कमचा हात धरून बसला होता. पुढे पन्नास वर्षं तोच त्याला प्रत्येक जुन्या बाजारात घेऊन गेला. "सापडेल रे, मी आहे ना," म्हणायचा. असा केसानं गळा कापला होता त्यानं.

मॅल्कम लहान पोरासारखा रडला. बापाचं इंजिन, आणि सकाळी ते याच माणसाच्या नावानं पेटवायचं. वर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे.

समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून तो म्हणाला, "एकदा चुकलो म्हण, ट्रेव्हर. एवढंच. मी उद्या पेटवतो. मॉरीनला अवाक्षर सांगत नाही."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

पेपरमिंटचा वास आला. ट्रेव्हरच्या गालात कायम असायची तीच गोळी.

स्टूल करकरलं.

मॅल्कम म्हणाला, "लाज वाटत असेल तर... मी बघत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पाठीमागे कसल्याशा डबीचं झाकण उघडलं.

मग ब्रश. हळू. एकदा... परत एकदा...

"ट्रेव्हर?"

लिहितोय, मॅल्कमला वाटलं. तोंडानं जमत नाही म्हणून लिहितोय. त्याचा राग तिथेच निम्मा उतरला.

"लिही," तो म्हणाला. "सावकाश लिही."

ब्रश थांबला. वास गेला.

मॅल्कम वळला. इंजिन होतं तसंच, उलटं. अक्षरं नव्हती. त्यांच्या जागी हिरवा रंग, एकसारखा, ओला. मॅल्कमच्या शेडमध्ये हिरव्या रंगाची डबीच नव्हती.

तो अंत्यविधीला गेला नाही. इंजिन पेटलं नाही. मॉरीन मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, आणि यानंही तिला कारण सांगितलं नाही. मला मात्र म्हणाला, "मेल्यावर आला, तोही झाकायलाच आला रे."

गेल्या वसंतात मॅल्कमही गेला. जाताना इंजिन माझ्याकडे देऊन गेला. त्या कपाटात आहे, आणा इकडे. उलटं धरा.

वर्षं उलटून गेली. आता बैठकीला बोट लावा, आणि मग ते या उजेडात धरा... हं. रंग अजून वाळलेला नाही.