वाळत घातलेली सावली

"बोंद्रेशेठ, ही कैरी नाचली नाही ना, तर मी नाचेन!" फडतऱ्यांनी टेबलावर थाप मारली. टेबलावरची मातीची कैरी हलली. तेवढीच हलली.

कैरीनं ठुमकत यायचं, लाजायचं आणि 'आंबटशौक लोणच्या'च्या बरणीत उडी मारायची, एवढीच जाहिरात. लोणचंवाले बोंद्रेशेठ ती बघायला सकाळीच कोल्हापूरच्या स्टुडिओत येऊन बसले होते. दिगंबर फडतऱ्यांनी उभ्या हयातीत मातीकडून साबण विकवला होता, पाइप विकवले होते, एकदा तर जुलाबाचं औषध. बाहुलीचा हात तीळभर हलवायचा, आपला हात मागे घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा तीळभर. असे फोटो सलग दाखवले की बाहुली चालायला लागते. चालवणारा मात्र कमरेत वाकतो.

आता शिकाऊ माती आली होती. तिच्यात धुळीएवढे कण कालवलेले. ते एकमेकांना ओढायचे, ढकलायचे आणि हाताचा दाब लक्षात ठेवायचे. कलाकारानं काही महिने तिच्यावर नेहमीसारखं काम केलं की पुढे ती आपली आपण हलते. फडतऱ्यांनी काम केलं होतं. आणि बोली अशी ठरली होती: जाहिरात झाली तर माती फडतऱ्यांची. नाही झाली तर शेठ ती भट्टीत तापवून कोरी करणार आणि दुसऱ्याला देणार.

"तरन्नुम, कॅमेरा!"

त्यांची सहायिका तरन्नुम मुजावर हिनं कॅमेरा सुरू केला. कैरी ढिम्म.

"लाजतीय वाटतं," शेठ म्हणाले.

कॅमेरा बंद केला. फडतरे वायर तपासायला वळले.

"हलली! आत्ता कंबर हलवली बघा तिनं!" शेठ ओरडले.

फडतऱ्यांनी वळून बघितलं. ढिम्म. "कुठं हलली?"

"तुमच्या पाठीमागं!"

शेठनी मोबाइल काढला, तर कैरी थिजली. मोबाइल खिशात घातला आणि फडतरे शिंकायला वळले, तर कैरीनं गिरकी घेतली.

"फडतरेसाहेब, आमचे कामगार मालक बघत असला की काम करत्यात. हिचं उलटंच की!"

तरन्नुम खाली बसून मातीकडे बघत होती. "सर, हे तुम्हीच शिकवलंय तिला."

"मी?"

"आपण बाहुली कधी हलवतो? कॅमेरा बघत नसताना. फोटोच्या वेळी जरा हलली तर तुम्ही आईबाप काढता तिचे. हल्लीचा कुठलाही कॅमेरा अंतर मोजायला न दिसणारा किरण सोडतो. तो अंगावर पडला की ही स्टॅच्यू होते. आणि सर, मुलीनं दिलेल्या तुमच्या नव्या चष्म्यातसुद्धा कॅमेरा आहे."

फडतऱ्यांनी चष्मा काढून घडी घातली आणि खिशात टाकला. जग साबणाच्या पाण्यासारखं झालं. "आता?"

"आता लांब व्हायला लागली," शेठ म्हणाले. "अहो, म्हातारा झाला की तिचा! खांद्यावर ओलं घोंगडं टाकून काय तरी हुडकतोय."

"घोंगडं नाही," फडतरे हळूच म्हणाले. "त्याची सावली आहे. वाळत घालायला दोरी शोधतोय."

ही त्यांची स्वतःची फिल्म होती. साबण आणि पाइप यांच्यामधल्या जेवणाच्या सुट्टीत ते ती वर्षानुवर्षं करत आले होते. दोरी सापडते की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून ती अर्धवट राहिली होती. शिकाऊ मातीवरही त्यांनी सुट्टीत तेच केलं होतं.

"ह्यात लोणचं कुठाय?" शेठनी विचारलं.

"नाहीये."

"मग चला भट्टीकडं. नाही तर शब्दाला जागा. नाचतो म्हणाला होता न्हवं?"

फडतरे नाचले. हिरवी चादर गुंडाळून, डोक्यावर तरन्नुमनं कापलेली पुठ्ठ्याची पानं लावून ठुमकले, लाजले आणि प्लास्टिकच्या पिंपात उडी मारली. कॅमेरा चालू होता. शेठना हसून हसून ठसका लागला. "हीच जाहिरात! माती ठिवा तुम्हाला!" म्हणत ते गेले.

मग दिवे मंद झाले, मोबाइल बंद झाले, चष्मा टेबलावर गेला. फडतरे टेबलावर हात टेकून बसले.

"काय करतोय?"

"दोरी शोधतोय, सर."

"इथंच संपतं."

"नाही संपलं. सर, तो स्वतःच्या पायातून माती ओढतोय. बारीक वळतोय तिला. दोरी करतोय!"

"हे मी नाही शिकवलं," फडतरे म्हणाले. "तू?"

"मी कशाला?"

"मग हे सुचलं कुणाला?"

तरन्नुम टेबलावर आणखी वाकली. मग म्हणाली, "एक टोक दिव्याच्या दांडीला बांधलं. सावली घातली वाळत. किती सुंदर दिसतंय, सर!"

"थिजला तरी चालेल, मला एकदा बघू दे!" फडतऱ्यांनी चष्म्याकडे हात नेला.

"सर, नको! दुसरं टोक तुमच्या अंगठ्याला—"

अंगठ्याबरोबर दोरी आली, दोरीबरोबर सावली आणि सावलीबरोबर म्हातारा. सगळे फरशीवर पडले आणि त्यांच्यावर फडतऱ्यांची खुर्ची सरकली.

चष्म्याला काही झालं नाही.