कोरडं वजन

"नातेवाईकांनी बाहेर थांबायचं," भावना मान वर न करताच म्हणाली.

"मीच पेशंट आहे, मॅडम. नातेवाईक तर शोधून राहिलो."

तिनं वर पाहिलं. चपला काढून वजनकाट्यावर एक उंच, वाळलेला तरुण उभा होता. डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं. त्याचं नाव अश्विन. पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या दुकानात नोकरी. रायपूरच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये तो पहिल्यांदाच आला होता. भावना तिथली फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या अंगात मांस किती, पाणी किती ते यंत्रावर पाहायचं, मुठीचा जोर मोजायचा, छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून उठबस करायला लावायची, हे तिचं काम.

उठताना अश्विनच्या मांड्या थरथरायच्या. तोंड मात्र चालूच.

"तुम्ही समोर उभ्या राहता ना मॅडम, म्हणून पाय कापतात."

"मग भिंतीकडे तोंड करा!"

"भिंतीले पाहून कोण उठंल?"

सुई लावायची तयारी करता करता शेवंतादीदी, तिथल्या जुन्या नर्स, तोंड फिरवून हसायच्या.

हळूहळू त्याच्या डायलिसिसच्या दिवशी भावनाला घरून लवकर निघावंसं वाटू लागलं. अंड्यातलं पांढरं खाल्लं का, हे विचारताना तिचा आवाज उगाच मऊ व्हायचा.

एकदा तो म्हणाला, "एक गोष्ट विचारायची होती... पण अंगावर मांस नाही. कोणत्या तोंडानं विचारू?"

"तीन किलो वाढवा, मग विचारा," ती हसत बोलून गेली.

मध्ये दोन दिवस गेले. सोमवारी तो काट्यावर चढला, तर खरंच तीन किलो जास्त! गालही भरलेले. भावना क्षणभर हरखली... मग तिची नजर त्याच्या पायांवर गेली. चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतला होता. तिनं वाकून नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं, तरी खळगा तसाच राहिला.

"किती पाणी प्यायलात?"

"मन भरून. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना—"

"हे मांस नाही, पाणी आहे! छातीत भरलं असतं म्हणजे? दम लागून राहिला ना तुले? काहून केलं असं?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिला कळलंच नाही. अश्विनला मात्र कळलं. त्यानं सुईसाठी हात पुढे केला.

मशीन सुरू झालं. ती इतरांची कामं करत होती, पण दर थोड्या वेळानं त्याच्या पलंगाशी येऊन उभी राहत होती.

"हव, आज तर मॅडमच पेशंट दिसतात," शेवंतादीदी म्हणाल्या.

अंगातलं जास्तीचं पाणी निघालं. काट्यावर पुन्हा तेच जुनं, खरं, कोरडं वजन आलं. गाल बसले. अश्विन खाली उतरला. तिच्याकडे पाहीना.

"काही विचारायचं होतं ना?"

"आता काय विचारू? तीन किलो तर मशीननं नेले."

"मंग मी विचारते. रविवारी घरी येशील? माझ्या बाबांले भेटाले?"

"असा?" त्यानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "माझं काही खरं नाही, मॅडम. किडनी मिळंल, नाही मिळंल... तुमचे बाबा काय म्हणतील?"

"बाबांचं मले माहीत नाही. माझं मले माहीत आहे." ती थांबली. "पायांत जोर येईल, सावकाश येईल. तो मी आणीन. पण खोटं वजन घेऊन माझ्यासमोर उभं राहायचं नाही."

त्यानं चपला पायांत सरकवल्या. मग ओठाच्या कोपऱ्यात हसू परतलं.

"चहा तरी मिळंल ना?"

"अर्धा कप," ती म्हणाली. "उरलेला अर्धा मी पिईन."