देवीची नथ आणि दोन पाकळ्या

"देवीच्या नथीतला सोना खंय गेला?"

मिठबावच्या बाजारात, समर्थ सोनाराच्या दुकानात मी भर दुपारी अशी ओरडले, आणि तीच आमची पहिली भेट. बाबांनी तुटलेली नथ डागायला दिली तेव्हा त्याने चिठ्ठीवर ८५० लिहिलं होतं. आता काट्यावर ०.८५० दिसत होतं. मी गुरवाची मुलगी… देवीचं सोनं कमी झालेलं बघून गप्प बसणार होय?

तो हसू दाबत म्हणाला, "अगो, ता मिलिग्रॅम, ह्या ग्रॅम. हजार मिलिग्रॅमांचो एक ग्रॅम. टिंब तीन घरां सरकव."

माझे कान तापले. नथ उचलून मी धूम ठोकली.

पण पुन्हा गेले. कधी देवीच्या पैंजणाची कडी, कधी माझं डूल… निमित्तांना काय तोटा? वस्तू हातात देण्याआधी तो परीक्षा घ्यायचा. ही त्याची खोडच.

"०.१२० ग्रॅम म्हणजे?"

"एकशे वीस मिलिग्रॅम."

"हुशार! आणि माझी आठवण किती येता?"

"पाच मिलिग्रॅम."

"इतकीच?"

खरं वजन त्याच्या काट्याला पेललं नसतं. पण सांगते कशाला!

त्याच्या आईला, सावित्रीकाकींना, मी आवडायचे. तरी जात वेगळी, म्हणून लग्नाला त्यांनी एकच अट घातली — देवीचा कौल हवा. आमच्याकडे ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावतात माझे बाबा. त्यांच्या हातात देते मी. आणि एकदा मिळालेला कौल बाबा पुन्हा मागत नाहीत.

त्या सकाळी मी तगरीचं फूल घेऊन दुकानात गेले. "जड पाकळी आधी सुटता," मी हळूच म्हटलं.

"देवीक फसवतंस?"

"माका तू व्हयो," मी म्हटलं. एवढं उघड मी कधीच बोलले नव्हते. मग त्याने दोन पाकळ्या तोलल्या, दोन पुड्या बांधल्या. एकीवर लिहिलं ०.०४० ग्रॅम. दुसरीवर — खोड जाते कुठे — ३२ मि.ग्रॅ.

"जड खंयची, ता आता तूच वळख," तो डोळे मिचकावत म्हणाला.

"माका येता सगळा!"

देवळात काकी हात जोडून उभ्या होत्या. समर्थ खांबाशी. बाबांनी हात पुढे केला. देवीकडे बघायचा धीर होईना. पुड्यांवरचे आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले. एकीवर बत्तीस… दुसरीवर शून्य, टिंब, आणखी काहीतरी. शून्य म्हणजे कमीच ना? मी बत्तीसची पाकळी उजवीकडे दिली.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळे श्वास धरून बघत राहिलो.

डावी पडली.

"देवी नाय म्हणता," बाबा म्हणाले. काकींनी पदराने डोळे पुसले.

बाहेर विहिरीपाशी समर्थने मला गाठलं. "उजवीकडे खंयची दिलंस?"

"बत्तीसची."

त्याने डोळे मिटले. "दुसरी चाळीस होती गो…"

टिंब तीन घरं. मला येत होतं! आठ मिलिग्रॅमने माझा जन्म पालटला, आणि मला ते कुणाला सांगताही येईना. सांगितलं असतं, तर बाबांनी उभ्या आयुष्यात लावलेल्या प्रत्येक कौलावर गावाने संशय घेतला असता.

"मी तुझी परीक्षा कित्याक घेतलंय?" तो रडत होता. मीही.

दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. मुलगी आरोंद्याची.

जत्रेच्या आधी नथ उजळायला मलाच जावं लागलं. त्याने ती काट्यावर ठेवली. मी वेड्यासारखी थांबले, तो काही विचारेल म्हणून. त्याने विचारलं नाही. मान खाली घालून चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली.

०.८५० ग्रॅम. आणि खाली, ठळक अक्षरांत — म्हणजे ८५० मिलिग्रॅम.