सहाचा पिंजरा आणि चंद्रावरचे आजोबा

चंद्रावर दोन गोष्टी फुकट मिळतात: धूळ आणि पोकळी. धुळीचं काय करायचं ते अजून कोणाला सुचलेलं नाही. पोकळीसाठी मात्र तिथे एक प्रयोगशाळा काढली आहे, आणि डॉ. मुरलीधर टिपणीस तिच्यात कित्येक वर्षं एकच कोडं घेऊन बसले होते.

कोडं असं. त्यांच्या कपाटातल्या बाटलीत चिमूटभर पांढरं मीठ होतं. खायचं नव्हे. धन आणि ऋण भाराचे कण एकमेकांना धरून राहिले की जो पदार्थ होतो, त्यालाही रसायनशास्त्रात मीठच म्हणतात. या मिठातला ऋण कण म्हणजे बोरॉनच्या सहा अणूंचा पिंजरा. प्रत्येक अणूला बाहेरून एकेक हायड्रोजन चिकटलेला, आणि वर दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे. अशा कणाला द्विऋणायन (दोन जास्तीचे इलेक्ट्रॉन बाळगणारा कण) म्हणतात. बाटलीत तो वर्षानुवर्षं सुखानं राही. पण पोकळीत एकटा काढला, की दोनांतला एक इलेक्ट्रॉन पळून जाई. का?

टिपणीस आजोबांना कारण माहीत होतं. फक्त ते त्यांना पटत नव्हतं.

मिरजेहून निघताना ते आजींना सांगून आले होते, की सहाचा पिंजरा एकटा उभा राहिला की परत येतो. सुरुवातीला आजी दर गणपतीत विचारायच्या, जमलं का. मग त्यांनी विचारणं सोडलं. यंदा सुट्टीत त्यांनी नातीलाच पाठवलं आणि बजावलं, की येताना आजोबांना घेऊन ये.

या नातीचं नाव यशोधरा, घरात यशी. आजोबांना तिनं आजवर पडद्यावरच पाहिलं होतं, तेही छातीपासून वर. त्यांना पाय आहेत हे पाहून तिला बरं वाटलं.

प्रयोगशाळेत आणखी एक जण होता, भाऊसाहेब नावाचा यंत्रमानव. त्याला ‘ए’ म्हटलेलं ऐकू येत नसे, ‘अहो भाऊसाहेब’ म्हटलं की लगेच येई. बनवणारे याला बिघाड म्हणत, आजोबा संस्कार म्हणत.

इलेक्ट्रॉन का पळतो असं यशीनं विचारलं, तेव्हा आजोबा तिला खिडकीशी घेऊन गेले. समोर एक डोंगर होता आणि त्याच्या माथ्यावर एक विवर, म्हणजे मोठा खड्डा. समज, ते म्हणाले, त्या खड्ड्यात एक गोटी आहे. कडेनं उंच कठडा आहे म्हणून ती घरंगळत नाही. पण खड्ड्याचा तळसुद्धा बाहेरच्या मैदानापेक्षा वरच आहे. म्हणजे तिला खाली जायला वाव आहे, वाटेत फक्त कठडा आहे. पिंजऱ्यातल्या इलेक्ट्रॉनचं तसंच. जवळ असतो तोवर अणू त्याला ओढतात, थोडा दूर गेला की दुसरा जास्तीचा इलेक्ट्रॉन त्याला ढकलतो. या ओढाताणीतूनच तो कठडा तयार होतो.

यशीला हे पटलं, पण मग कठडा ओलांडल्याशिवाय तो पळतो कसा? आजोबा म्हणाले, गोटीला जमणार नाही, पण इलेक्ट्रॉन इतका हलका, की कधीतरी तो कठड्यातून आरपार जातो. याला सुरंगन (भिंत न चढता तिच्यातून पलीकडे जाणं) म्हणतात.

बोरॉनच्या बारा अणूंचाही पिंजरा होतो, तो मोठा असतो. तिथे जास्तीचा भार ऐसपैस पसरतो, ढकलाढकली कमी होते, आणि खड्ड्याचा तळ मैदानाच्याही खाली जातो. मग इलेक्ट्रॉननं पळून जायचं कुठे? बारा एकटा मजेत राहतो. आजोबांचा जीव मात्र सहावर होता.

शेवटची चिमूट त्यांनी यशीसमोर पाण्यात विरघळवली. यंत्रानं त्या पाण्याचा धुक्यासारखा फवारा केला. थेंब सुकत गेले आणि पडद्यावरच्या आलेखात एक सुळका उभा राहिला, म्हणजे यंत्राला कण सापडला. सहाचा पिंजरा, दोन्ही इलेक्ट्रॉन जागेवर, आणि भोवती मूठभर पाण्याचे रेणू, आपली किंचित धन बाजू त्याच्याकडे करून बसलेले. त्यांच्यामुळे खड्ड्याचा तळ खाली गेला होता. सुळका हलत नव्हता. हा टिकला तर आजोबा घरी येणार होते.

“असाच राहू द्या ना, आजोबा.”

“तो एकटा नाहीये गं. पाणी चिकटलंय त्याला. ही लबाडी झाली.”

त्यांनी भाऊसाहेबांना ऊब वाढवायला सांगितलं.

“साहेब,” भाऊसाहेब म्हणाले, “तो सध्या ठीक आहे. ठीक असलेल्याला दुरुस्त कसं करायचं, हे मला शिकवलेलं नाही.”

आजोबांनी स्वतःच बटण फिरवलं. पाण्याचे रेणू एकेक करून सुटले. शेवटचा सुटला आणि सुळका मावळला. त्याच्या जागी दुसरा आला, एकाच जास्तीच्या इलेक्ट्रॉनचा. बाटलीत आता काही उरलं नव्हतं.

“म्हणजे तुम्ही येणार नाही,” यशी म्हणाली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, “त्याचं काही चुकलं नव्हतं, आजोबा. तुम्ही त्याच्याजवळचे सगळे काढून घेतलेत.”

आजोबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

यशीला राहवेना. तिनं विचारलं, हायड्रोजनच्या जागी इलेक्ट्रॉनला जास्त ओढणारं दुसरं काही बसवलं तर? मग सहासुद्धा एकटा राहील? आजोबा म्हणाले, गणितं तसं सांगतात, बाराच्या बाबतीत तर ते करूनही झालंय. सहाचं तू कर, मोठी झालीस की. मीठ करायला मी शिकवीन. मिरजेतसुद्धा करता येतं ते.

मग त्यांनी घरी फोन लावला. चंद्रावरून शब्द पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी तेवढाच.

“सहाचं नाही जमलं,” आजोबा म्हणाले. “तरी येतो.”

अडीच सेकंद गेले. मग आणखी काही गेले, ते चंद्रामुळे नव्हते.

“ये,” आजी म्हणाल्या. “पण माझे गुडघे गेलेत आता. स्टेशनवर घ्यायला येणं व्हायचं नाही.”